झिजलेला कॅमेरा, निर्मळ काच: हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांतला फरक

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीतला एक मुलगा कॅमेरा घेऊन घरी आला. "काका, जरा बघता का? फोटो धुरकट यायला लागलेत. कॅमेरा तसा नवाच आहे हो, मोजून पाच-सहा वेळा वापरलाय." त्याने तो खोक्यातून काढला. खरंच नव्यासारखा होता, स्क्रीनवरची कंपनीची फिल्मसुद्धा निघालेली नव्हती. मी लेन्स काढली, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला आणि तिरक्या नजरेने पुढून आत पाहिलं. काचेच्या एका कडेपासून मधोमध पांढरे बारीक तंतू पसरले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. बुरशी.

तिथेच टेबलावर माझा कॅमेरा होता. फ्लॅश अडकवायच्या खाचेचा काळा रंग पार उडून आतला पत्रा दिसतोय, ग्रिपचं रबर अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालंय, पट्ट्याच्या कडा विरल्या आहेत. लेन्स मात्र आरपार स्वच्छ. मुलगा दोन्ही कॅमेऱ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला.

वीसेक वर्षं पुण्यात लग्नं, उत्सव आणि कार्यक्रम टिपून माझं एक मत पक्कं झालंय: झीज वेगळी आणि खराबी वेगळी. व्यावसायिकाचा कॅमेरा वापराने झिजतो, हौशी माणसाचा बहुतेक वेळा पडून राहून खराब होतो. आणि या फरकाचं मूळ एकच आहे. परत न येणारा क्षण टिपून आणायची जबाबदारी व्यावसायिकाने पैसे घेऊन अंगावर घेतलेली असते. अंतरपाट दुसऱ्यांदा धरा, असं कुणाला सांगता येत नाही. त्याच्या सगळ्या सवयी, पिशवीतल्या वस्तूंच्या जागासुद्धा, या एका गोष्टीतून आलेल्या असतात. त्या सवयी हौशी माणसालाही लावून घेता येतात. कशा, ते क्रमाने सांगतो.

आधी आपल्या कॅमेऱ्याची झीज वाचायला शिका

यांत्रिक शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा, हा हलणारा भाग आहे, त्यामुळे त्याला आयुष्य असतं. कंपन्या ते किती वेळा उघडझाप करेल याचा आकडा देतात: निकॉन डी ८५० साठी २ लाख, निकॉन डी ५ साठी ४ लाख, कॅननच्या वन डी एक्स मार्क थ्रीसाठी ५ लाख. हा आकडा चाचणीतला आहे, हमी नव्हे. काही शटर त्याच्या आधी जातात, काही त्याच्या दुपटीपर्यंत चालतात.

आता हिशोब करा. दोन दिवसांच्या लग्नात माझ्या मुख्य कॅमेऱ्यावर सहज ३ हजार फ्रेम होतात. वर्षाला अशी ४० लग्नं धरली तर १ लाख २० हजार. म्हणजे २ लाखांचं शटर दोन वर्षंही पुरत नाही. उलट रविवारी सिंहगडावर किंवा पाषाण तलावावर जाऊन महिन्याला ३०० फोटो काढणाऱ्याचे वर्षाला ३,६०० होतात. त्याच शटरला त्याच्या हातात ५५ वर्षं लागतील! म्हणून हौशी माणसाने शटर झिजेल या भीतीने कॅमेरा कपाटात जपून ठेवू नये. त्याच्या शटरला धोका नाहीच, धोका कपाटाचा आहे. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर यांत्रिक पडदा हलतही नाही. फक्त वेगाने हलणारी वस्तू त्यात तिरकी येऊ शकते आणि काही दिव्यांखाली पट्टे पडतात, एवढं ध्यानात ठेवायचं.

जुना कॅमेरा घेताना ही झीज वाचता आली तर फसगत टळते. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये शटरचा आकडा लिहिलेला असतो, म्हणून विक्रेत्याकडून आजच काढलेला एक फोटो मागा आणि तो आकडा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो तसा सरळ मिळत नाही. मग हातांनी वाचायचं. फ्लॅशच्या खाचेचा रंग गेला असेल तर कॅमेरा लग्नांत फिरलाय. तळाचा एखादा स्क्रू नसेल किंवा स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील तर तो कुणीतरी उघडलाय. लेन्स लावून हलक्या हाताने फिरवून बघा, माउंट (लेन्स बसते ती कडी) डुगडुगत असेल तर सोडून द्या. बाहेरचे ओरखडे मला चालतात. आत टॉर्च मारल्यावर जाळं दिसलं तर कितीही स्वस्त असो, ती लेन्स घेऊ नका.

पुण्याची हवा आणि बुरशी

पुण्याची हवा कोरडी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. जून ते सप्टेंबर ते खरं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६० ते ६५ टक्क्यांच्या पुढे बुरशीला रान मोकळं मिळतं. तिला ओल, अंधार आणि न हलणारी हवा लागते. कपड्यांच्या कपाटात, चामड्याच्या केसमध्ये ठेवलेला कॅमेरा तिला हे सगळं पुरवतो. बुरशीतून निघणारं आम्ल लेन्सवरचा लेप खातं. वेळीच साफ केली तर डाग राहत नाही, उशीर झाला तर बुरशी जाते पण तिची नक्षी काचेवर कायमची राहते.

उपाय महागडा नाही. झाकणाला रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, आत हात घालता येईल इतका मोठा. त्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. हा ठेवल्याशिवाय सगळं अंदाजावर चालतं, म्हणून यात काटकसर नको. मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, साधारण पाव किलो. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ३० च्या खाली गेला तर थोडी पुडी काढून घ्या, फार कोरड्या हवेत रबर आणि आतलं वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला (नारिंगीचा हिरवा, निळ्याचा गुलाबी) की तो ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतो. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा अंश असतो, त्यामुळे तो स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, वेगळं जुनं भांडं ठेवा. डब्यात तांदूळ टाकायचा सल्ला घरोघरी मिळतो. तांदळाची भुकटी लेन्सच्या सांध्यात जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत.

तीन-चार लेन्सेस झाल्या की विजेवर चालणारं, आतली हवा कोरडी ठेवणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. पण डबा असो वा कॅबिनेट, कॅमेरा आठवड्यातून एकदा बाहेर काढा, झूम पुढेमागे फिरवा, पाच-पन्नास फोटो काढा. वापर हीच त्याची खरी देखभाल आहे.

कॅमेऱ्याची बॅग ही ठेवायची जागा नाही. बॅगेचा फोम पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. घरी आल्यावर बॅग रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवायची.

कामाच्या आदल्या रात्री

हा तासभर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि हौशी माणूस नेमका हाच गाळतो. माझा क्रम असा. सगळ्या बॅटऱ्या चार्ज करायच्या. प्रत्येकीवर मार्करने क्रमांक घातलेला असतो, म्हणजे कोणती लवकर उतरायला लागली ते कळतं. कार्डांवरचा जुना डेटा दोन ठिकाणी उतरवला आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची, मगच कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करायचं, संगणकावर नाही. दोन कॅमेरे नेणार असाल तर दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. ते राहिलं तर संपादनाच्या वेळी सप्तपदी कन्यादानाच्या आधी येऊन बसते आणि हजारो फोटो हाताने लावावे लागतात.

मग सेटिंग शून्यावर आणायची: आयएसओ, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजरची भरपाई, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू आहे ना. शेवटी एक चाचणी फोटो. पांढऱ्या भिंतीवर किंवा संध्याकाळच्या मोकळ्या आभाळावर एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, एक फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरची (प्रतिमा टिपणाऱ्या भागावरची) धूळ करड्या ठिपक्यांसारखी दिसेल.

कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावा. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात सीमंतपूजन झाल्यावर माझं एक कार्ड वाचलं जाईना. नवं कोरं होतं, चांगल्या कंपनीचं. त्या क्षणी पोटात पडलेला खड्डा अजून आठवतो. दुसऱ्या खाचेतल्या कार्डावर सगळं शाबूत होतं. यजमानांना यातलं काही कळलं नाही, कळायची गरजही पडली नाही. एकच खाच असलेल्या कॅमेऱ्यावर मी लग्न घेत नाही, आणि नव्याने या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो.

मांडवात

मुहूर्ताच्या तासभर आधी पोचा आणि कॅमेरा न काढता हॉलमध्ये एक चक्कर मारा. खिडक्या कुठे, स्टेजवरचे दिवे कुठले, मागे एलईडी वॉल आहे का. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला दिसत नाही, पण शटरच्या १/५०० सेकंदाच्या वेगाला एक फोटो पिवळा, दुसरा काळपट येतो. अशा उजेडात १/५० किंवा १/१०० वर राहा, किंवा कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्यांची ही लुकलुक टाळायची सोय) असेल तर ते चालू करा.

मग गुरुजींशी बोला. हे कुठल्याही लेन्सपेक्षा उपयोगी पडतं. मी विचारतो, "गुरुजी, मंगलाष्टकं घरातलं कुणी म्हणणार आहे का? आणि शेवटचं तुम्हीच ना?" कारण मावशी-आत्या हौसेने रचून आणलेली मंगलाष्टकं किती लांबतील याचा नेम नसतो. पण 'तदेव लग्नं' सुरू झालं की अंतरपाट आता दूर होणार, हे मराठी लग्नात काम करणाऱ्याच्या कानाला कळलं पाहिजे. त्या ओळीला मी माझ्या जागेवर असतो: वधूवरांच्या बाजूला, अंतरपाटाच्या रेषेत, दोघांचेही चेहरे दिसतील असा. फ्लॅश छताकडे वळवलेला, शटर १/२००. त्या क्षणी फ्लॅशचा उजेड मुख्य असेल तर हवेतल्या अक्षतांचा एकेक दाणा थांबतो. फ्लॅशशिवाय त्याच अक्षता पांढऱ्या रेघा होतात. पुढच्या तीन-चार सेकंदांत हार, अक्षता, वधूच्या आईचे डोळे, सगळं घडून जातं. या सेकंदांसाठी आधीची सगळी तयारी.

दुसरा छायाचित्रकार सोबत असेल तर त्याला त्या वेळी आई-वडिलांकडे तोंड करून उभं करा. दोघांनी एकाच जागेवरून तोच फोटो काढण्यात अर्थ नाही.

आणि एक. गुरुजींच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये उभं राहू नका. ज्यांच्या घरचं कार्य आहे त्यांना ते दिसलं पाहिजे.

गुलाल, भंडारा, पाऊस

पुण्यात काम करणाऱ्याचा कॅमेरा वर्षभरात तीन परीक्षा देतो. जून-जुलैत पालख्या आणि पाऊस, भाद्रपदात विसर्जनाची मिरवणूक, आणि जेजुरीची सोमवती.

भंडाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने सगळ्यात जास्त लेन्सेस घालवलेल्या मी पाहिल्यात. उधळलेली हळद पिठासारखी बारीक असते. झूम करताना ज्या लेन्सची नळी बाहेर येते, ती नळी आत जाताना हळदही आत ओढते. म्हणून जेजुरीला लांबी न बदलणारी लेन्स न्या, किंवा ७०-२०० एफ/२.८ सारखी, जिचं झूम बहुतेक मॉडेलांत आतल्या आत होतं. माउंटच्या सांध्यावर, कार्डाच्या दारावर आणि न वापरणाऱ्या बटणांवर कापडी चिकटपट्टी लावा. गडावर लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच. दोन लेन्सेस हव्यात तर दोन कॅमेरे न्या.

उतरल्यावर कॅमेरा पुसायची घाई करू नका. कोरडी भुकटी फडक्याने घासली की ती सांध्यांत जाते, काचेवर ओरखडे पडतात. ओलं फडकं लावलं तर हळद पिवळी होऊन बसते. आधी ब्लोअर (हाताने दाबून हवा मारायचा रबरी फुगा), कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. मग मऊ कुंचला, प्रत्येक फटीतून. पुन्हा ब्लोअर. त्यानंतरच चिकटपट्ट्या काढायच्या आणि शेवटी किंचित ओलसर फडकं. गुलालालाही हाच क्रम.

विसर्जनाची मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सकाळी निघते आणि लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीजच्या चौकापर्यंत पोचता पोचता दुसरा दिवस उजाडतो. तिथे गुलाल आणि गर्दीखेरीज एक नवा धोका आहे: लेझर. थेट लेन्समध्ये शिरलेला लेझरचा किरण सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका पाडू शकतो, आणि सेन्सर बदलायचा खर्च अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. लेझर लावलेल्या गाडीकडे कॅमेरा रोखू नका. ढोल-ताशा पथकाचे फोटो सकाळी, मानाच्या पाच गणपतींबरोबर जास्त चांगले येतात, असं माझं मत आहे.

पावसात 'वेदर सील्ड' (पाणी-धूळ आत जाऊ न देणारा) या शब्दावर विसंबू नका. बॉडी आणि लेन्स दोन्ही तशा असतील, आणि लेन्सच्या माउंटला रबराची कड असेल, तरच तो शब्द थोडाफार खरा. दिवे घाटात पालखीबरोबर चालताना मी साधं रेनकव्हर, एक सुती पंचा आणि सुट्या प्लास्टिकच्या पिशव्या नेतो. एसी हॉलमधून दमट हवेत येताना कॅमेरा पिशवीत बंद करून अर्धा तास तसाच राहू द्या, तापमान जुळलं की मग उघडा. नाहीतर थंड काचेवर बाष्प धरतं आणि तेच पुढे आत मुरतं. भिजलाच, तर पहिल्यांदा बॅटरी काढा आणि चालू करून बघायचा मोह आवरा.

घरी आल्यावर

कितीही रात्र होवो, झोपायच्या आधी डेटा उतरवायचा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: भावाच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्क किंवा क्लाउड. सगळ्या प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं होत नाही.

साफसफाई दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी. लेन्सवर आधी ब्लोअर, मग कुंचला, आणि डाग उरलाच तर लेन्स पुसायच्या द्रवाचे दोन थेंब लेन्सच्या कागदावर घेऊन मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. थेंब थेट काचेवर टाकले तर कडेने आत उतरतात. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. शर्टाचं टोक तर विसराच.

सेन्सरची धूळ बहुतेक वेळा ब्लोअरनेच जाते. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, मेन्यूमधून सफाईचा पर्याय निवडा, कॅमेरा उपडा धरा आणि ब्लोअरचं टोक आत न घालता हवा मारा. डब्यातली दाबलेली हवा कधीही नको, तिच्यातला द्रव सेन्सरवर उडतो. चिकटलेला डाग असेल तर आपल्या सेन्सरच्या मापाचा स्वॅब (पुसायची पट्टी) घ्या, फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिलिमीटर, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) १६. एका दिशेने एकदा, उलटून परत एकदा, आणि तो टाकून द्या. हात थरथरत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या, त्यात कमीपणा नाही.

खंडेनवमी ते लग्नसराई

वर्षाची मोठी तपासणी मी खंडेनवमीला करतो. पावसाळा सरलेला असतो आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, मधला महिनाभर दुरुस्तीला मिळतो. आदल्या दिवशी सगळं सामान चादरीवर मांडतो. प्रत्येक लेन्समध्ये टॉर्च, प्रत्येक पट्ट्याची शिवण, ट्रायपॉडचा प्रत्येक स्क्रू, फुगलेली बॅटरी आहे का ते. शटरचा आकडा वहीत लिहितो. मग पूजा. हळद-कुंकू बॅगेला आणि ट्रायपॉडला लावतो, कॅमेऱ्यासमोर फुलं ठेवतो, त्यावर नाही. झेंडूवरचं पाणी आणि कुंकवाची पूड बटणांत गेलेले कॅमेरे दर दसऱ्यानंतर दुरुस्तीला येतात, हे दुरुस्ती करणारेच सांगतात.

त्याच वहीत पैशांचाही हिशोब असतो. कॅमेरा किती वर्षांत बदलावा लागणार, ती रक्कम दर कामातून बाजूला पडते का, सामानाचा विमा चालू आहे का. काम घेताना लेखी करार करा, आगाऊ रक्कम घ्या. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. लग्नाचे फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचे असतील तर तसं करारात लिहून घ्या.

त्या मुलाचं पुढे

लेन्स साफ करून आणली. बुरशी गेली, कडेला लेपावर फिकट वेलबुट्टी राहिली, ती उजेडाविरुद्ध फोटो काढला तरच जाणवते. मी त्याला डबा आणि आर्द्रतामापक आणायला लावला आणि एक काम दिलं. फिल्मच्या जमान्यात ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये सहसा ३६ फोटो असत. रविवारी सकाळी बाहेर पड, ३६ फ्रेम झाल्या की थांब, आणि घरी येईपर्यंत स्क्रीन बघायची नाही.

पहिल्या रविवारी त्याने मंडईत ३६ फ्रेम अकरा मिनिटांत संपवल्या. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो परत आला तेव्हा त्याच्याकडे १९ फोटो होते. सकाळचे तीन तास तो एका फुलवालीच्या गाळ्यासमोर थांबला होता, उजेड पत्र्याच्या फटीतून तिच्या हातांवर येईपर्यंत. "काका, उरलेले १७ काढावेसेच वाटले नाहीत," म्हणाला. कॅमेऱ्याच्या ग्रिपवर शेवंतीची पिवळी पूड होती. मी त्याच्या हातात ब्लोअर दिला.